गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा : ऑल्टोचा क्लच घरी बदलताना

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. ऑल्टोत आम्ही चौघं आणि डिकीभर सामान. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र पुढे रेटायची नाही. वर पोचेपर्यंत जळका वास गाडीभर झाला होता. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती, गेली होती. एका गॅरेजात नवी टाकून घेतली, पैसे दिले, विषय संपला असं वाटलं.

आठव्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी गाडी घरी उघडली. आमच्या शेजारी गॅरेजातून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात, त्यांना सोबत घेतलं. गिअरबॉक्स खाली आला आणि कळलं की प्लेट फारशी झिजलेलीच नव्हती, ती इंजिन ऑइलने भिजली होती. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळत होतं. पहिल्या वेळी गिअरबॉक्स उतरला तेव्हाच ते बघता आलं असतं आणि सील महाग नसतं. ते राहिलं म्हणून मला दुसरी प्लेट घ्यावी लागली आणि तेच सगळं काम परत करावं लागलं.

मिस्त्री तेव्हा म्हणाले, "प्लेट बदलायला अर्धा तास लागतो. बाकीचा वेळ तिथपर्यंत पोचायचा आणि परत यायचा. म्हणून एकदा पोचलास की तिथलं सगळं बघून ये." या कामात पैसे कुठे वाया जातात ते मला त्या वाक्यातून कळलं. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्याच हिशेबाने आहे.

उदाहरण ऑल्टो ८००चं घेतोय, कारण तिचं यंत्र मला माहीत आहे आणि घरी शिकायला ते सोपं आहे. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००पासून २०२३मध्ये बंद झालेल्या ऑल्टो ८००पर्यंत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद आणि केबलचा क्लच ही मांडणी टिकून राहिली. बोनेटखाली हात घालायला जागा आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. तशाच मांडणीच्या दुसऱ्या छोट्या पेट्रोल गाडीलाही कामाचा क्रम जवळजवळ हाच लागतो, बोल्टांच्या जागा बदलतात.

काही गाड्यांना मात्र घरी हात लावू नका. ऑटो गिअर शिफ्टच्या (क्लच पेडल नसलेल्या) गाड्यांत क्लच बसवल्यानंतर कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, त्याशिवाय गाडी नीट चालत नाही. दुहेरी फ्लायव्हीलच्या (फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) डिझेल गाड्या, फोर व्हील ड्राइव्ह आणि दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्याही यात आल्या. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा क्लच असेल आणि त्याचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) आत बसवलेला असेल, तर तो क्लचबरोबरच बदलायचा आणि नंतर लाइनमधली हवा काढायची, हे आधीच गृहीत धरा.

क्लच खरंच गेलाय का?

सगळ्यात महाग चूक पाना हातात घेण्याआधीच होते. केबलची अ‍ॅडजस्टमेंट बिघडलेली असते आणि माणूस गिअरबॉक्स उतरवून बसतो.

पेडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला ते काही अंतर सहज खाली जायला हवं आणि मग जड लागायला हवं. या मोकळ्या चालीला गॅरेजात फ्री प्ले म्हणतात. केबलच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात मिळेल. चाल अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत प्रेशर प्लेटच्या (स्प्रिंगने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर दाब देत राहतं, म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला असतो. प्लेट चांगली असूनही सरकते. उलट चाल फार जास्त असेल तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. दोन्हींचा इलाज केबलच्या टोकाच्या नटात आहे आणि त्याला दहा मिनिटं लागतात. केबल जागोजागी अडकत असेल, तिच्या तारा तुटायला लागल्या असतील, तर आधी केबल बदलून बघा.

अ‍ॅडजस्टमेंट बरोबर असूनही क्लच सरकत असेल तर एक चाचणी करा. पुढे-मागे मोकळी जागा हवी, समोर कोणीही उभं नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. क्लच पूर्ण सोडला तरी इंजिन चालूच राहिलं तर प्लेट पकडत नाहीये. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी न्यूट्रलला उभी असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं (क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासायला हवं आणि ते काम नव्या क्लचने होणार नाही. पहिल्या गिअरला गाडी थरथरत सुटत असेल तर आधी इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे ते ज्यांवर बसतं ते आधार, बघा. त्यांचं रबर फाटलेलं असलं तरी थरथर अगदी क्लचसारखीच जाणवते.

जागा आणि आधार

इथे मी जरा लांबवर बोलणार आहे, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात आणि इथल्या चुकीत माणूस जातो.

सपाट काँक्रीट किंवा फरशी हवी. माती, मुरूम, उतार, पावसाने मऊ झालेलं अंगण, यातलं काहीही चालणार नाही. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा आणि हँडब्रेक ओढा. ऑल्टोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे पुढची बाजू उचलली तरी तो उपयोगी पडतो. जॅकने गाडी उचलायची, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली एक क्षणही जायचं नाही. दोन चांगले जॅक स्टँड घ्या, गॅरेजात त्यांना घोडी म्हणतात. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागांवर ते लावा. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक यांच्यावर गाडी ठेवू नका. वरून सगळं ठीक दिसत असताना ते अचानक फुटतात. काढलेली पुढची चाकं दोन्ही बाजूंना गाडीच्या पत्र्याखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँडने दगा दिला तर गाडी चाकांवर थांबेल.

खाली जाण्याआधी बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. ती हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

एकट्याने हे काम करू नका. गिअरबॉक्स एका माणसाला उचलता येतो, पण पाठीवर झोपून छातीवर घेण्याचं ते वजन नाही. मदतीला कोणीच नसेल त्या रविवारी गाडी उघडूच नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण गाडी दोन दिवस तिथून हलणार नाही.

सामान

गोटी पान्यांचा सेट लागेल, त्यात १०, १२, १४, १७ आणि १९ नंबर सतत हातात असतील. लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, एक पहार किंवा लांब टॉमी, ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना), ब्रेक क्लीनरचे दोन डबे, ऑइल धरायला घमेलं आणि भरपूर चिंध्या. टॉर्क रेंच महाग वाटत असेल तर दोन दिवसांसाठी कोणाकडून आणा, पण आणाच.

क्लच घेताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घ्या. व्हॅलिओ, लूक, एक्सेडी यांचे सेट किंवा मारुतीचे स्वतःचे भाग ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन घ्या, कारण या नावांची नक्कल बाजारात फिरते. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवायचा मोह होतो. पण जुन्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग थकलेली असते, आणि रिलीज बेअरिंग चार महिन्यांनी आवाज करायला लागलं तर पुन्हा तेच गिअरबॉक्स उतरवणं आलं. याच हिशेबाने क्रँकचं मागचं सील, दोन्ही एक्सलची (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांची) सीलं आणि फ्लायव्हीलच्या मध्यावरचं छोटं बेअरिंग आधीच आणून ठेवा. शनिवारी रात्री गाडी उघडी पडलेली असताना सीलसाठी दुकान शोधत फिरणं मी केलेलं आहे.

केबलला हा नियम लागू नाही. ती बाहेरून कधीही बदलता येते, त्यामुळे चांगली असेल तर राहू द्या.

प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट लागतो. काही किटांसोबत प्लास्टिकचा येतो. मिस्त्री लोक भंगारातल्या जुन्या गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट जपून ठेवतात आणि तो सगळ्यात अचूक बसतो. ओळखीच्या गॅरेजात मागितलात तर एका दिवसासाठी सहज मिळेल.

गिअरबॉक्स खाली आणणं

सुरुवात बॅटरीच्या निगेटिव्हपासून. ती काढल्याशिवाय सेल्फला (स्टार्टर मोटरला) हात लावायचा नाही, कारण सेल्फच्या जाड वायरीत कायम करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. मग बॅटरी पूर्ण काढा, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा आड येत असेल तर तोही. दर थोड्या वेळाने मोबाइलवर फोटो काढत राहा. कुठली वायर कुठल्या पट्टीखालून गेली होती हे रविवारी संध्याकाळी आठवत नाही.

वरून क्लच केबल, रिव्हर्स लाइटचा कपलर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर आणि गिअरबॉक्सला जोडलेली अर्थची वायर सोडवा. सेल्फचे बोल्ट काढून तो बाजूला घ्या. गिअर लिव्हरकडचे रॉड किंवा केबली सोडवा. कोणती जोडणी कोणत्या बाजूने बसली होती त्याची पेंटने खूण करून ठेवा.

आता गिअर ऑइल. इथे एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा: ऑइल काढायचा बोल्ट खोलण्याआधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच ऑइल सोडून दिलं असेल, तर नवं ऑइल भरायचं कुठून? निघालेलं ऑइल कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका.

मग एक्सल. त्यासाठी हबचा मोठा नट काढायची गरज नाही. नकलमधला (चाकाचा हब धरणाऱ्या भागातला) बॉल जॉइंटचा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढा, कारण तो बॉल जॉइंटच्या खाचेतून जातो. लोअर आर्म (नकलला खालून धरणारा दांडा) पहारीने खाली दाबला की नकल बाहेरच्या बाजूला सरकतो आणि जागा होते. एक्सलच्या आतल्या जॉइंटच्या मागे, गिअरबॉक्सला टेकवून टॉमी लावा आणि एक नेमका झटका द्या. आतलं लॉक सुटून एक्सल बाहेर येतो. शाफ्ट धरून ओढू नका. शाफ्ट ओढला की लॉक तसंच राहतं आणि जॉइंट बुटाच्या (रबरी आवरणाच्या) आत सुटतो, मग बूट, ग्रीस आणि आणखी अर्धा दिवस गेला. बाहेर आलेला एक्सल लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा.

गिअरबॉक्सच्या बाजूचं फाउंडेशन सोडण्याआधी इंजिनाला आधार हवा. सगळ्यात चांगला आधार वरून, दोन्ही फेंडरच्या मजबूत कडांवर आडवा बार टाकून त्याला साखळीने इंजिन टांगण्याचा. तो नसेल तर खालून चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाखाली) जॅक लावता येतो, पण मध्ये जाड, रुंद लाकडी फळी हवी. चेंबरचा पत्रा पातळ असतो, तो आत गेला की आतली ऑइल ओढायची जाळी दाबली जाते.

बेल हाउसिंगचे बोल्ट एकसारख्या लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा गोल काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. शेवटचे दोन बोल्ट राहू द्या, गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक आणा, मदतनीसाला गिअरबॉक्स धरायला सांगा आणि मगच ते दोन काढा.

गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ मागे सरकला पाहिजे. पूर्ण सुटेपर्यंत त्याचं वजन मेन शाफ्टवर एक क्षणही लटकू देऊ नका. बसवतानाही हेच. लटकलेल्या गिअरबॉक्सने प्लेटचा मधला हब वाकतो, आणि वाकलेल्या हबची नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरते. दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक कंपनीला नावं ठेवतात.

आत काय दिसतं

आता घाई करू नका. सगळं काम या अर्ध्या तासासाठी होतं.

बेल हाउसिंगमध्ये काळी धूळ साचलेली असेल. तिला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने फुंकू नका. जुन्या किंवा स्वस्त प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की निघत नाही. मास्क लावा, धूळ ब्रेक क्लीनरने ओली करा, ओल्या चिंधीने पुसून घ्या आणि त्या चिंध्या पिशवीत बांधून टाका.

फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरच्या दातांत मोठा स्क्रू ड्रायव्हर अडकवून फ्लायव्हील फिरू देऊ नका आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. आत स्प्रिंगचा दाब असतो. शेवटच्या बोल्टबरोबर प्लेट अंगावर पडते, ती धरून ठेवा.

जुनी प्लेट हातात घेऊन नीट बघा. रिव्हेटपर्यंत झिजलेली असेल तर ती आयुष्य पूर्ण करून गेली. एकाच बाजूने झिजलेली असेल तर काहीतरी वाकडं बसलं होतं. काचेसारखी चकचकीत असेल तर ती तापली होती, आणि त्याला बहुतेक वेळा अर्धा क्लच दाबून घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी धरून ठेवायची सवय कारण असते.

भिजलेली असेल तर थांबा आणि ऑइल कुठून आलं ते शोधा. बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. फ्लायव्हीलच्या मागे, इंजिनाच्या बाजूला ओल असेल तर क्रँकचं मागचं सील. बेल हाउसिंगच्या आत रिलीज बेअरिंगच्या नळीभोवती ओल असेल तर गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं सील. हे दुसरं सील काही गाड्यांत बाहेरून बदलता येतं, काहींत गिअरबॉक्स उघडावा लागतो. तशी वेळ आली तर उतरवलेला गिअरबॉक्स रिक्षात घालून जाणकाराकडे न्या. मजुरीचा मोठा भाग तुम्ही तरीही वाचवलेला असतो.

क्रँकचं सील कोरडं असलं तरी गाडी जुनी असेल तर मी ते बदलेन. त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागतं. त्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकवर खूण करून घ्या. जुनं सील काढताना क्रँकच्या चकचकीत पृष्ठभागावर स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा येऊ देऊ नका, कारण तिथून गळती कायमची सुरू होते. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावा, सपाट लाकूड ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोका आणि जुनं जितकं आत होतं तितकंच आत बसवा. फ्लायव्हीलचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने. इथे अंदाज चालत नाही.

फ्लायव्हीलचा चेहरा तपासा. किरकोळ चकाकी पॉलिश पेपरने जाते. निळे डाग, नखाला लागणाऱ्या रेघा किंवा खोलगट भाग असेल तर लेथवर फेस मारून घ्या आणि टर्नरला सांगा की लागेल तेवढंच काढायचं. ज्या फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट बसायची जागा आणि प्लेट घासायची जागा वेगवेगळ्या पातळीवर असते, तिथे दोन्ही जागा सारख्याच उतरवायच्या असतात. एकच उतरवली तर स्प्रिंगचा दाब बदलतो आणि नवा क्लच सरकायला लागतो. नखाला जाणवणाऱ्या भेगा असतील तर फ्लायव्हील बदला.

मधलं छोटं बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर लागली तर बदला. क्लच फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा चिमटा) जिथे टेकतो त्या जागा आणि त्याचे बुश झिजले आहेत का बघा. पेडल जड होण्याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं.

नवा क्लच बसवणं

नवी प्लेट आधी जुनीवर ठेवून व्यास जुळवा, मग गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर हाताने सरकवून बघा. ती अडकल्याशिवाय पुढे-मागे व्हायला हवी. दुकानदाराने चुकून दुसऱ्या मॉडेलचा सेट दिला असेल तर तो आत्ताच कळू दे.

शाफ्टच्या दातांवर हाय टेंपरेचर ग्रीस लावायचं, पण अगदी पुसट. मुगाएवढं घ्या, पसरवा, प्लेट सरकवून काढा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि थेट प्लेटवर बसतं. नवं रिलीज बेअरिंग पेट्रोलने धुवायचं नाही, त्याच्या आतलं ग्रीस निघून जातं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून ऑइलचा थर असतो, तो आणि फ्लायव्हीलचा चेहरा ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा. प्लेटच्या लायनरला (घासणाऱ्या थराला) तेलकट हात लावू नका. आम्ही प्लेट उचलण्याआधी दरवेळी साबणाने हात धुतले.

प्लेटची एक बाजू फ्लायव्हीलकडे असते. बहुतेक प्लेटांवर तसं छापलेलं असतं आणि सहसा हबचा जास्त बाहेर आलेला भाग गिअरबॉक्सकडे राहतो. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही आणि ते सगळं जोडून झाल्यावर कळेल. म्हणून बसवलेल्या प्लेटचा फोटो काढा आणि मदतनीसालाही बघायला सांगा.

डमी शाफ्ट घालून प्लेट धरा, प्रेशर प्लेट लावा, सगळे बोल्ट हातानेच लावा. मग समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, म्हणजे स्प्रिंग सारखी दबेल. शेवटचा टॉर्क पुस्तकाप्रमाणे. छोट्या गाड्यांत तो बहुधा २० ते २५ न्यूटन मीटरच्या घरात येतो. डमी शाफ्ट अडखळत निघत असेल तर प्लेट मधोमध नाही. बोल्ट सैल करा, पुन्हा जुळवा. इथे दिलेली पाच मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

गिअरबॉक्स वर नेताना

आधी इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या डॉवेल पिना (दोन्ही नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का बघा. एखादी जमिनीवर पडलेली असते. रिलीज बेअरिंग फोर्कमध्ये नीट बसलंय याची खात्री करा.

गिअरबॉक्स जॅकवर वर घ्या, इंजिन आणि गिअरबॉक्स एका ओळीत आणा आणि हाताने आत ढकला. शेवटचे काही मिलिमीटर अडले तर मदतनीसाला इंजिनाच्या पुलीचा बोल्ट पान्याने किंचित फिरवायला सांगा, इंजिन फिरतं त्याच दिशेने. दात जुळले की गिअरबॉक्स आपोआप आत जातो.

फट हाताने मिटत नसेल तर बोल्ट आवळून मिटवू नका. हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवेन. बोल्टने ओढलं की एकतर प्लेटचा हब तुटतो किंवा बेल हाउसिंगचा कान. कान तुटला की वेल्डिंग किंवा दुसरा गिअरबॉक्स. फट राहतेय म्हणजे आत काहीतरी जुळलेलं नाही. खाली घ्या, बघा, पुन्हा वर न्या. आमचा गिअरबॉक्स चौथ्या प्रयत्नात बसला आणि मिस्त्रींनी त्या चारही वेळा पाना खाली ठेवायला लावला होता.

पुढे उलट क्रम. एक्सलची नवी सीलं बसवा, एक्सल सरळ घाला म्हणजे त्याच्या दातांनी सील कापलं जाणार नाही. लॉक बसल्याचा टक्‌ आवाज येईपर्यंत आत ढकला, मग जॉइंटलाच धरून हलकेच ओढून बघा, निघता कामा नये. बॉल जॉइंटचा बोल्ट टॉर्कला आवळा, हा बोल्ट स्टिअरिंगइतकाच महत्त्वाचा आहे. फाउंडेशन, गिअरचे रॉड किंवा केबली, सेल्फ, अर्थची वायर, कपलर. अर्थची वायर विसरली तर सेल्फ फिरत नाही किंवा क्लच केबलमधून करंट जाऊन ती तापते, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

गिअर ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घ्या. गाडी समपातळीत असताना भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की पुरे. हे काम शेवटी ठेवलंत तर नक्की करा. ऑइल न भरता गाडी सुरू केल्याने गेलेले गिअरबॉक्स मिस्त्रींनी पाहिले आहेत. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी "ऑइल नाही" अशी चिठ्ठी बांधली होती आणि ऑइल भरल्यावर स्वतः काढली.

केबल लावून पेडलची मोकळी चाल जुळवा. पुढची बाजू स्टँडवर असतानाच, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका. मदतनीसाला एक चाक घट्ट धरायला सांगा आणि दुसरं फिरवून बघा. पेडल सोडलेलं असताना ते अडलं पाहिजे, दाबल्यावर सुटलं पाहिजे. तसं होत नसेल तर गाडी अजून वरच आहे, शोधायला सोपं आहे.

पहिले किलोमीटर

पार्किंग बंदिस्त असेल तर इंजिन सुरू करण्याआधी दारं उघडा. न्यूट्रलला सुरू करा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. मग पेडल दाबून रिव्हर्स टाका, करकर होता कामा नये. खाली वाकून सील आणि बोल्टांच्या जागा कोरड्या आहेत का बघा. पहिली फेरी घराजवळ, सपाट रस्त्यावर मारा. परत आल्यावर चाकांचे नट आणि बॉल जॉइंटचा बोल्ट पुन्हा तपासा.

नवी प्लेट फ्लायव्हीलवर बसायला थोडं अंतर लागतं. पहिले ३०० ते ५०० किलोमीटर जोरात सुटू नका, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, भरलेली गाडी घाटात नेऊ नका. थोडा नवा वास पहिल्या दिवशी येतो आणि जातो. तो दुसऱ्या आठवड्यातही येत असेल तर मोकळी चाल बघा.

५०० किलोमीटर झाल्यावर ती चाल बघायचीच आहे. प्लेट बसत आणि झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि चाल कमी होते. माझ्या गाडीची त्या वेळी निम्म्यावर आली होती. केबलचा नट थोडा सैल केला, पुन्हा मोजली, डायरीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. दर सर्व्हिसिंगला आता ती मोजतो.